बॅलन्सिंग रोबो: तेच पीआयडी आकडे, रोज वेगळा निकाल

खतावणी

नमस्कार मंडळी.

मी पेशाने हिशेबनीस. इलेक्ट्रॉनिक्स जे काही येतं ते डाटाशीट वाचून आणि लोकांचे कोड उचकटून शिकलेय. दोन चाकांवर स्वतःचा तोल सांभाळणारा रोबो करायला घेतलाय आणि गाडी एका जागी अडलीय.

सामान असं: आर्डुइनो युनो (छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), एमपीयू-६०५० सेन्सर (त्यात वळण्याचा वेग मोजणारा जायरो आणि त्वरण मोजणारा अॅक्सेलरोमीटर), मोटर चालवायला एल२९८एन, त्या पिवळ्या प्लास्टिक गिअरबॉक्सच्या दोन डीसी मोटर आणि १८६५० चे दोन लिथियम-आयन सेल सिरीजमध्ये. त्या सेलवरून एक फाटा ड्रायव्हरला जातो आणि दुसरा युनोच्या गोल जॅकला. चौकट तीन मजली. मोटर तळाला, बॅटरी मधल्या मजल्यावर, सेन्सर सगळ्यात वर. सेन्सरपासून युनोपर्यंत साध्या जंपर वायर, चांगल्या वीतभर लांब, मोटरच्या वायरींच्या शेजारून खाली उतरलेल्या.

कोड नेहमीचाच. कॉम्प्लिमेंटरी फिल्टर (०.९८ जायरोला, ०.०२ अॅक्सेलरोमीटरला), त्यातून कोन, कोनावरून पीआयडी (कोनातली चूक, तिची साठत गेलेली बेरीज आणि तिचा बदल यांवरून दुरुस्ती काढणारं गणित), पीआयडीवरून पीडब्ल्यूएम (वीज झटपट चालू-बंद करून मोटरचा जोर ठरवणं).

आता दुखणं. पीआयडीचे आकडे मी वहीत मांडते: केपी, केआय, केडी (त्या तीन भागांचे गुणक, त्याच क्रमाने), किती सेकंद उभा राहिला, कुठल्या बाजूला पडला. सवयच आहे ती. पण या वहीतून काहीही निघत नाहीये. काल ज्या आकड्यांवर तो जरा तरी उभा राहिला, त्याच आकड्यांवर आज उभाच राहायला तयार नाही. कोड तोच, जमीन तीच, आकडे तेच. कामावर असं झालं तर मी म्हणेन की एखादी नोंद राहिलीय. इथे कुठली राहिलीय तेच कळत नाही.

लक्षणं:

पहिलं, तो डोलतो. पुढे-मागे, पुढे-मागे, प्रत्येक झोका आधीपेक्षा मोठा, आणि मग आडवा. केडी वाढवला की डोलणं कमी होण्याऐवजी अंगात आल्यासारखा थरथरतो.

दुसरं, यूएसबी केबल लावलेली असली की निदान चालू तरी राहतो. केबल काढून नुसत्या बॅटरीवर सोडला आणि जरा धक्का दिला, की मध्येच पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. सेटअपमध्ये मी एलईडी तीनदा लुकलुकवते, तो लुकलुकतो, म्हणून कळतं.

तिसरं, आणि याची मला खरोखर भीती वाटते. क्वचित कधीतरी चाकं एका वेगाने फिरत राहतात ती थांबतच नाहीत. रोबो हातात उचलला, इकडे कलवला, तिकडे कलवला, चाकांना फरक पडत नाही. रीसेटचं बटण दाबेपर्यंत तसंच. एलईडी मात्र या वेळी लुकलुकत नाही.

कुठून सुरुवात करू?

अर्धवट_प्रकल्प

केआय आणि केडी शून्य करा. केपी हळूहळू वाढवत न्या, रोबो एकसारखा डोलायला लागला की थांबा, त्याच्या साधारण निम्म्यावर या, मग केडी थोडा थोडा घाला. केआय सगळ्यात शेवटी. सगळीकडे हेच सांगतात आणि बऱ्याचदा चालतं.

आणि जमलं तर त्या पिवळ्या मोटर काढून नेमा-१७ स्टेपर (ठरावीक पायऱ्यांनी फिरणाऱ्या मोटर) लावा. माझा स्वतःचा रोबो सध्या कपाटावर भिंतीला टेकून उभा असतो, तेव्हा सल्ला किती मनावर घ्यायचा ते तुम्ही ठरवा.

जळका_रेझिस्टर

थांबा ताई, केपीला हात लावू नका.

माझं पोट मोटर कंट्रोल पॅनेलवर चालतं. तिथेही लोक आधी ट्यूनिंगच्या मागे लागतात आणि शेवटी निघतो तो ढिला स्क्रू. तुमच्या पोस्टमध्ये तीन तक्रारी आहेत आणि तिन्हींची मुळं वेगवेगळी आहेत. तुमचा संशय बरोबर आहे, नोंद राहिलीय, फक्त एक नाही तर दोन: लूपच्या एका फेरीला लागणारा वेळ आणि त्या क्षणाचं बॅटरीचं व्होल्टेज. हे दोन रकाने वहीत नाहीत तोवर बाकीचे रकाने ताडून बघण्यात अर्थ नाही.

आधी वेळ. दर फेरीला तुम्ही कोन, चूक, आउटपुट वगैरे सीरियलवर, म्हणजे यूएसबीतून संगणकाकडे, छापत असणार. बॉड रेट ९६०० असणार, कारण शिकाऊ उदाहरणांत तोच असतो. आता आकडेमोड तुमच्याच धंद्यातली. ९६०० बॉड म्हणजे सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराचे ८ बिट, वर सुरुवातीचा एक आणि शेवटचा एक, असे १०. म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एका अक्षराला एक मिलिसेकंदाहून थोडं जास्त. पाठवायच्या अक्षरांसाठी ६४ बाइटचा बफर असतो, त्यामुळे पहिल्या एक-दोन ओळी झटक्यात गेल्यासारख्या वाटतात. बफर भरला की सीरियल प्रिंट जागा रिकामी होईपर्यंत वाट बघत बसतं. तेवढा वेळ रोबो आंधळा. आणि मॉनिटर उघडा नसला, अगदी केबल काढलेली असली, तरी चिप अक्षरं पाठवतच असते. तिला ऐकणारं कोणी आहे की नाही याच्याशी देणंघेणं नाही.

आता फिल्टरमध्ये जायरोचं वाचन ज्या आकड्याने गुणता तो शोधा, बहुतेक डीटी असं नाव असेल. तिथे ०.००५ असा ठोक आकडा लिहिलाय का? असेल तर कोड समजतोय की फेरी ५ मिलिसेकंदांची आहे. खरी फेरी २५ ची असेल तर जायरोने मोजलेल्या वळणाचा पाचवा हिस्साच जमेला धरला जातो. रोबो १० अंश कलला, जायरोच्या खात्यात २ पडले. उरलेले ८ अॅक्सेलरोमीटर सावकाश भरून काढतो. ०.९८ आणि ०.०२ या जोडीत ५ मिलिसेकंदांच्या फेरीला तो सावकाशपणा पाव सेकंदाच्या आसपास असतो, २५ च्या फेरीला सव्वा सेकंदाच्या. एवढ्यात रोबो पडून मोकळा होतो. कोनच शिळा, मग पीआयडी काय करणार? झोके वाढत जाणं हे उशिरा पोचणाऱ्या दुरुस्तीचं ठरलेलं लक्षण आहे.

दुसरी तक्रार, यूएसबीची. युनोवर एक कंपॅरेटर आहे. व्हिनवर (जॅकमधून येणाऱ्या विजेच्या पिनवर) ६.६ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर तो यूएसबीची वीज तोडतो, कमी झालं की यूएसबीवर घेतो. केबल लावलेली असताना बॅटरी खचली तरी बोर्ड अलगद यूएसबीवर जातो, म्हणून तुम्हाला काही दिसत नाही. केबल काढलीत की तो आधार गेला. मोटर सुरू होताना किंवा एकदम उलट फिरताना सगळ्यात जास्त करंट ओढते, आणि बॅलन्सिंग रोबोत ती सतत उलटसुलटच फिरत असते. त्या क्षणी सेलचं व्होल्टेज बसतं. गोल जॅकनंतर एक डायोड आहे, तो ०.७ च्या आसपास खातो, पुढे रेग्युलेटरला स्वतःचं एक व्होल्टहून जास्त हवं. म्हणजे जॅकवर ७ च्या खाली आलात की ५ व्होल्टची लाइन ५ राहत नाही.

यातली गोम अशी की युनो २.७ व्होल्टला स्वतःहून रीसेट होतो, पण १६ मेगाहर्ट्झवर ती चिप नीट चालण्याची हमी सुमारे ३.८ व्होल्टच्या वरच आहे. मधल्या पट्ट्यात ती जिवंत असते, पण तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवता येत नाही. तुम्हाला जे रीसेट दिसतात ते बरे म्हणायचे, निदान दिसतात तरी.

आज उभा, उद्या नाही, याचंही बरंचसं उत्तर इथेच आहे. दोन सेल पूर्ण भरलेले असतील तर ८.४ व्होल्ट, बऱ्यापैकी उतरलेले असतील तर ६.६. एल२९८एन जुन्या बायपोलर ट्रान्झिस्टरचा ड्रायव्हर, तो सहज २ व्होल्ट गिळतो. म्हणजे मोटरला एकदा ६.४ मिळतात आणि एकदा ४.६. वहीत केपी तोच, जमिनीवर जोर सव्वापट-दीडपट कमीजास्त.

तिसरी तक्रार: चाकं थांबत नाहीत, एलईडी लुकलुकत नाही, म्हणजे रीसेट झालेला नाही. प्रोग्रॅम अडकलाय. पीडब्ल्यूएम चिपमधला टायमर परस्पर चालवतो. प्रोग्रॅम मेला तरी शेवटचा आकडा घेऊन टायमर मोटर फिरवत राहतो. अडकला कुठे? बहुतेक आयस्क्वेअरसीवर, म्हणजे सेन्सर आणि युनो ज्या दोन लाइनींवरून बोलतात त्या बसवर. मोटरच्या ब्रशचा कचरा तुमच्या त्या वीतभर वायरींत घुसतो, एखादा क्लॉक पल्स चुकतो, सेन्सर डाटा लाइन खाली धरून बसतो आणि ती बस सांभाळणारी ‘वायर’ नावाची लायब्ररी उत्तराची वाट बघत अनंतकाळ बसते. नव्या लायब्ररीत टाइमआउटची सोय आहे, सेट-वायर-टाइमआउट, पण युनोसारख्या एव्हीआर बोर्डांवर ती आपोआप चालू नसते. सेटअपमध्ये स्वतः चालू करावी लागते, आणि टाइमआउट झाल्यावर बस रीसेट कर असंही सांगावं लागतं.

सध्या काही बदलू नका. दोनच गोष्टी मोजा. मायक्रोस या मायक्रोसेकंदांत वेळ सांगणाऱ्या फंक्शनच्या फरकाने फेरीचा वेळ काढा, आणि तो दर फेरीला छापू नका, नाहीतर मोजण्यानेच तो वाढेल. दोनशे फेऱ्यांची सरासरी एकदा छापा. दुसरं, मल्टिमीटरला किमान-कमाल धरून ठेवणारं बटण असेल तर बॅटरीवर लावून रोबो थोडा नाचवा.

खतावणी

दादा, मोजलं. ०.००५ च लिहिलेलं होतं.

फेरी भरली ३१ मिलिसेकंदांची. मग हिशेब जुळतो का ते बघितलं. माझ्या एका ओळीत तीन आकडे, मधले स्वल्पविराम आणि ओळ संपताना जाणारी दोन न दिसणारी अक्षरं धरून २८ अक्षरं होतात. २८ ला ९६० ने भागलं तर २९ मिलिसेकंद आणि वर थोडं. उरले जवळपास २. ते सेन्सर वाचणं आणि गणित यांचे असणार, म्हणून छपाईच्या ओळी बंद करून पाहिलं, तर फेरी खरोखर २ च्या जवळ आली. पै न् पै जुळली. रोबोपेक्षा याचाच आनंद जास्त झाला.

गंमत म्हणजे छपाई बंद केल्यावर रोबो सुधारला नाही. आता डोलत नाही, नुसता करवतीसारखा खरखरतो आणि एकदम एका बाजूला पळत सुटतो.

बॅटरी: शांत असताना ७.६. नाचवल्यावर किमान ६.४ दाखवलं.

जळका_रेझिस्टर

सुधारणार नाहीच. आधी फेरी ३१ ची आणि कोडच्या समजुतीत ५ ची. आता फेरी २ ची आणि समजूत अजून ५ चीच. आधी जायरोचं वळण सहापट कमी धरलं जात होतं, आता अडीचपट जास्त. शिवाय तुमच्या कोडमध्ये केडीचं पद बहुतेक ‘आताची चूक वजा मागची चूक’ एवढंच असेल, वेळेने न भागलेलं. तसं असेल तर फेरीचा वेळ बदलला की केडीचा अर्थच बदलतो. केआयचंही तेच. म्हणून जुनी वही मिटा, ते आकडे दुसऱ्याच यंत्राचे आहेत.

फेरी ५ मिलिसेकंदांवर बांधून टाका. डिले वापरून नको, डिलेत बाकी कामाचा वेळ वर चढतो. मायक्रोस बघत राहायचं, मागच्या ठरलेल्या वेळेत ५००० मिळवून येणारी वेळ झाली की फेरी चालवायची. ‘आत्ताची वेळ’ मागची म्हणून साठवू नका, मागच्या ठरलेल्या वेळेतच ५००० मिळवा, म्हणजे उशीर साचत नाही. छपाई हवीच असेल तर बॉड १,१५,२०० करा आणि वीसातल्या एकाच फेरीला छापा. आयस्क्वेअरसी १०० किलोहर्ट्झवर असेल तर ४०० वर न्या, सेन्सर वाचायला दीड मिलिसेकंद जातो तो अर्ध्याच्या आत येईल. पण हे वायरी आखूड केल्यावरच.

मल्टिमीटरच्या ६.४ वर जाऊ नका, तो आळशी असतो. खरा खड्डा त्याहून खोल आहे.

विजेचं असं करा. बॅटरीवरून वेगळा बक कन्व्हर्टर (व्होल्टेज उतरवणारं मॉड्यूल) घ्या, ५ व्होल्टला लावा, युनोच्या ५ व्होल्ट पिनला द्या. गोल जॅक मोकळा ठेवा. मात्र कोड चढवायला यूएसबी लावाल तेव्हा बकची वायर काढून ठेवा, दोन उगमांची झटापट नको. ड्रायव्हरच्या बॅटरी टर्मिनलवर १००० मायक्रोफॅरड, १६ व्होल्टचा इलेक्ट्रोलिटिक, पट्टीची बाजू ग्राउंडला. प्रत्येक मोटरच्या दोन पायांवर थेट १०० नॅनोफॅरडचा सिरॅमिक सोल्डर करा, ब्रेडबोर्डवर नाही, मोटरच्याच पत्र्यांवर. कचरा जिथे तयार होतो तिथेच गाडायचा. मोटरच्या दोन वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. ग्राउंड सगळे एका जागी, ड्रायव्हरच्या टर्मिनलवर आणा. मोटरचा करंट सेन्सरच्या ग्राउंड वायरमधून वाहता कामा नये.

गिअरवाली

विजेचं सगळं पटलं, पण हे सगळं करूनही ती खरखर पूर्ण जाणार नाही. गिअरबॉक्सवर अजून कोणी बोललंच नाही.

पिवळी मोटर हातात घ्या, गिअरबॉक्सचं अंग घट्ट धरा आणि चाक हलकेच पुढे-मागे करा. मधे एक मोकळा टप्पा लागेल जिथे चाक हलतं पण मोटरला पत्ता नसतो. तो बॅकलॅश. रोबो सरळ उभा असतो नेमका तेव्हाच या मोकळ्या जागेत असतो, कारण तिथेच मोटर दिशा बदलते. दात एकीकडून सुटतात, मधली जागा ओलांडतात, दुसरीकडे आपटतात. तो आपटण्याचा आवाज म्हणजे तुमची खरखर. मोबाईल जमिनीला टेकवून चाकाचं स्लो-मोशन घ्या, टायरवर खडूची एक रेघ मारा. दिशा बदलताना रेघ क्षणभर थबकताना दिसेल.

बॅकलॅश कोडने जात नाही. डेडबँड, म्हणजे मोटर हलतच नाही तो कमी पीडब्ल्यूएमचा पट्टा, मात्र बराचसा जातो. पीडब्ल्यूएम शून्यापासून हळूहळू वाढवा, रोबो हाताने सरळ धरून, चाकं जमिनीवर आणि वजन चाकांवर. चाक ज्या आकड्याला हलायला लागतं तो टिपा. दोन्ही मोटरचा वेगळा, दोन्ही दिशांचा वेगळा. चार आकडे येतील. पीआयडीने ५ मागितले तर मोटरला ५ देऊन ती नुसती गुणगुणते, हलत नाही. कोन वाढत जातो, मग एकदम जोर येतो आणि रोबो पलीकडे फेकला जातो. म्हणून आउटपुट शून्य नसेल तेव्हा त्या बाजूचा तो आकडा आधी मिळवायचा. पण पूर्ण मिळवू नका, थोडा कमीच ठेवा, नाहीतर बॅकलॅशमध्ये टकटक वाढते.

सेन्सर वरच्या मजल्यावर का आहे? रोबो डोलतो तेव्हा वरचा मजला सगळ्यात जोरात पुढे-मागे फेकला जातो. अॅक्सेलरोमीटरला गुरुत्वाकर्षण आणि हे फेकलं जाणं यात फरक कळत नाही. तो चाकाच्या अक्षाजवळ आणा. वायरी आपोआप आखूड होतील, म्हणजे जळका_रेझिस्टर यांचंही काम झालं. सेन्सरचा स्वतःचा लो-पास फिल्टर चालू करा, हेक्स १ए या रजिस्टरमध्ये ३ लिहा. ४० हर्ट्झच्या जरा वरचं सगळं गाळलं जातं, बदल्यात ५ मिलिसेकंदांच्या आसपास उशीर होतो. तेवढा परवडतो. याहून खाली गेलात तर उशीर पुन्हा डोलणं घेऊन येईल.

बॅटरी मात्र वर न्या. तळहातावर पेन्सिल उभी ठेवणं अवघड आणि लांब काठी सोपी, तेच इथे. पडण्याची घाई ही उंची भागिले गुरुत्वत्वरण याच्या वर्गमुळावर ठरते. वजनाचा मध्य अक्षापासून १० सेंटिमीटरवर असेल तर हिशेब ०.१ सेकंदाचा, २० वर असेल तर ०.१४ चा. तुमच्या ५ मिलिसेकंदांच्या फेऱ्यांना तेवढी जास्त उसंत.

जळका_रेझिस्टर

सेन्सर खाली, अगदी मान्य. बॅटरी वर नेण्याबद्दल मी जरा हात राखून बोलेन. वजन जितकं वर, तितका तोच कोन सावरायला जास्त टॉर्क लागतो, आणि या मोटरकडे तो नाही, एल२९८एनने दोन व्होल्ट खाल्ल्यावर तर नाहीच. आधी मधल्याच मजल्यावर ठेवून उभा करा. मग एक मजला वर नेऊन बघा.

ड्रायव्हर बदलायची तयारी असेल तर टीबी६६१२ घ्या. मॉसफेटचा आहे, अर्ध्या ओहमच्या आसपासचा रोध, एका चॅनलला सलग १.२ अँपिअर. या मोटरना पुरतो आणि ते वाया जाणारे दोन व्होल्ट बहुतेक सगळे परत मिळतात. अर्धवट_प्रकल्प यांनी सुचवलेल्या स्टेपरने डेडबँड-बॅकलॅश दोन्ही संपतात हे खरं आहे, पण स्टेपर उभ्या जागीही करंट ओढतो, वजनदार असतो आणि जोर कमी पडला की गुपचूप पायऱ्या गाळतो. तुमचा कोड त्या मोजत बसतो आणि चाक तिथेच.

अर्धवट_प्रकल्प

एक राहिलं. सेल नुसतेच सिरीजमध्ये आहेत की मध्ये प्रोटेक्शन बोर्ड आहे? १८६५० चा शॉर्ट म्हणजे खेळ नाही. वायर लाल होऊन प्लास्टिक वितळेपर्यंत तो थांबत नाही. टू-एस (सिरीजमधल्या दोन सेलसाठीचा) बोर्ड टाका, एक फ्यूज टाका आणि स्विच हाताला येईल असा चौकटीच्या माथ्यावर. चाकं सुसाट सुटतात तेव्हा तळाला हात घालायला लागू नये.

आणि कोन ४० अंशांच्या पलीकडे गेला की मोटर बंद, केआयची बेरीज शून्य, हे कोडमध्ये टाकलंय का? नसेल तर रोबो पडलेल्या अवस्थेत केआय साठत राहतो आणि उचलून उभा केला की सगळं एकदम वसूल करतो.

खतावणी

प्रोटेक्शन बोर्ड होता, फ्यूज नव्हता, तोही आता घातला. स्विच माथ्यावर आणला. ४० अंशांची अटही टाकली.

बाकी क्रमाने केलं आणि प्रत्येक पायरीनंतर दोन नव्या रकान्यांसह नोंद ठेवली. सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर फेरी ५ वर बांधल्याने. केपी-केडी नव्याने काढले, आणि पहिल्यांदाच असं झालं की केडी वाढवल्यावर डोलणं खरंच कमी झालं. तोवर मला तो आकडा उलटाच चालतो असं वाटायला लागलं होतं. बक आणि कपॅसिटरनंतर बॅटरीवर रीसेट झालेला नाही. सेन्सर अक्षाजवळ, वायरी बोटभर. चाकं अडकण्याचा प्रकार अजून तरी दिसला नाही, पण टाइमआउट चालू ठेवलाय आणि तो लागला की एक मोजणी वाढते अशी ओळ टाकलीय. मोजणी शून्यावर आहे. ती वाढली तर कळेल की दुखणं बरं झालेलं नाही, नुसतं झाकलंय.

डेडबँड: डावी मोटर पुढे ५२, मागे ५५. उजवी पुढे ६८, मागे ६३. एकाच पाकिटातून निघालेल्या दोन मोटरमध्ये एवढी तफावत! तीन-चतुर्थांश मिळवते. खडूची रेघ मारून व्हिडिओ काढला, रेघ थबकते ते दिसतं. ती खरखर आहे तशी आहे, पण बारीक झालीय.

तर रोबो उभा राहतो. धक्का दिला तर सावरतो. पण एका जागी राहत नाही. हळूहळू पुढे सरकत जातो, वेग वाढत जातो आणि समोर भिंत येईपर्यंत थांबत नाही. सेटपॉइंट (ज्या कोनावर उभं राहायचं तो आकडा) ०.५ अंशाने मागे घेतला तर मागे जातो. ०.३ ठेवला तर थोडा वेळ थांबतो आणि मग मनाला येईल त्या दिशेला. केआय वाढवून बघितला, झोके परत आले.

जळका_रेझिस्टर

केआय परत होता तिथे ठेवा. हा पीआयडीचा दोष नाही. तुम्ही त्याला ‘सरळ राहा’ एवढंच सांगितलंय, ‘इथेच राहा’ असं कोणी सांगितलेलंच नाही. ताशी पाच किलोमीटरने पळत असतानाही तो सरळच असतो, त्याच्या लेखी काम चोख. आणि अचूक सेटपॉइंट आकडा शोधून सापडणार नाही, कारण तो बॅटरी जरा सरकली तरी बदलतो आणि सेन्सर तापला तरी बदलतो.

बाहेरून दुसरा लूप लागेल, जो वेग बघून कोनाचा सेटपॉइंट हलवतो. पुढे पळतोय, तर सेटपॉइंट किंचित मागे. खरा वेग कळायला एन्कोडर (चाकाचं फिरणं मोजणारे सेन्सर) हवेत. नसतील तर पीडब्ल्यूएमचा आउटपुटच वेगाचा अंदाज म्हणून चालवून घेता येतो. गाळलेला आउटपुट ठेवा: जुन्याचे ०.९९ आणि नव्याचा ०.०१. तुमच्या फेरीला त्याचा सावकाशपणा अर्ध्या सेकंदाचा होतो, म्हणजे तोल सांभाळतानाचे झटके गळून जातात आणि एका दिशेचा कल तेवढा उरतो. त्याला एका लहान आकड्याने गुणून सेटपॉइंटमधून वजा करा. डेडबँडसाठी मिळवलेला भाग त्यात धरू नका, त्याआधीचा आउटपुट घ्या.

खतावणी

एन्कोडर सध्या नाहीत, अंदाजावरच करते. सेटपॉइंटला किती हलू द्यायचं यावर काही मर्यादा? आणि हे ५ मिलिसेकंदांच्या त्याच फेरीत की वेगळ्या, सावकाश फेरीत?

जळका_रेझिस्टर

मर्यादा हवीच, दोन्हीकडे ३ अंश. त्याहून जास्त सोडलंत तर थांबण्यासाठी तो इतका मागे झुकेल की मोटरला सावरता येणार नाही. गाळणं त्याच फेरीत ठेवा, सेटपॉइंट मात्र दहा फेऱ्यांतून एकदा हलवा. आतला लूप बाहेरच्यापेक्षा बराच चपळ राहिला पाहिजे, दोघे एकाच गतीने चालले की भांडतात. गुणायचा आकडा इतका लहान ठेवून सुरुवात करा की काहीच फरक दिसणार नाही, मग दुप्पट-दुप्पट करत या. आणि चिन्ह उलटं पडलं तर तो भिंतीकडे दुप्पट वेगाने जाईल, तेव्हा पहिल्यांदा चालवताना स्विचवर बोट ठेवा.